चुळबुळेतला च

खणखणे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते कोर्टात पट्टेवाले होते आणि पुकारा करायचे. खटल्याची वेळ झाली की दारात उभं राहून पक्षकाराचं नाव हाकारायचं, हे त्यांचं काम. आवाज असा खणखणीत की जिन्याखाली पेंगणारा साक्षीदार दचकून उठायचा, आणि न केलेला गुन्हाही कबूल करतो की काय असं वाटायचं. वकिलांनी थट्टेने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. नावांच्या बाबतीत माणूस मात्र महाकडक. नाव धड घेतलं नाही तर ज्याचं आहे तो उठेल कसा, असं ते नव्या पट्टेवाल्यांना सुनवायचे. एखादं अवघड नाव आलं तर आधी त्या माणसाला गाठून, त्याच्याच तोंडून दोनदा ऐकून घ्यायचे आणि मगच हाक घालायचे.

अशा माणसाचं स्वरयंत्र काढावं लागलं. निवृत्त होऊन जरा टेकतायत तोच घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आवाज जाईल पण जीव वाचेल. वाचला. गळ्याला एक भोक राहिलं, श्वास तिथून येऊ-जाऊ लागला आणि तोंड नुसतं जेवण्यापुरतं उरलं. कुजबूजसुद्धा नाही. गळ्यावर दाबून बोलायचं एक गुरगुरणारं यंत्र मिळतं, ते त्यांनी एकदाच लावून पाहिलं आणि स्वतःच घाबरले. पहिले काही दिवस सवयीने ओठ हलायचे. मग एकदा आरशात दिसलं, तोंड उघडतंय, मिटतंय आणि आवाजाचा पत्ता नाही. त्या दिवसापासून त्यांनी ओठ जे घट्ट मिटले ते मिटलेच.

आता बायको ठणठणीत असती तर कागदावर लिहून भागलं असतं. पण तिचे डोळे काचबिंदूने कधीच गेलेले. म्हणजे घरात माणसं दोन, एकाला बोलता येईना आणि दुसरीला दिसेना. दैवाला थट्टा करायची हौस असते हे मान्य, पण काही ताळतंत्र?

तिला ते चुळबुळे म्हणायचे. लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच त्यांनी हे नाव ठेवलं, कारण बाई एका जागी म्हणून बसायची नाही. बसली तरी पाय हलणार, बोटं पदराशी खेळणार. डोळे गेल्यावरही तेच. भिंतीला हात लावत घरभर फिरायची, फडताळातले डबे चाचपून उगाच पुन्हा लावायची, वाळलेले कपडे घड्या घालून मोडायची आणि परत घालायची. ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "चुळबुळे, जरा बस की!" ती म्हणायची, "ओ, बसलेय ना!" आणि हे उभ्यानेच म्हणायची.

ऑपरेशननंतर ते तिच्या तळहातावर बोटाने लिहू लागले. डोळे जाण्याआधी ती चांगली शिकलेली, अक्षरं सगळी ओळखीची. तिला गुदगुल्या व्हायच्या, त्यांचा शब्द अर्धाच राहायचा, ती आपल्या मनाने पुरा करायची आणि हटकून चुकायची. 'दूध नासलं' लिहायला जावं तर ती 'दूरचा नातेवाईक आला' करून मोकळी. चार वाक्यं बोलायला अर्धी सकाळ जायची.

हे बघून त्यांच्या भाच्याचा जीव तुटला. कॉम्प्युटरचं काम करणारा, दूर दुसऱ्या शहरात राहणारा पोरगा, पण मामावर माया. तो एकदा येऊन कॉम्प्युटर बसवून गेला. मामांनी टाइप करायचं आणि यंत्राने बोलून दाखवायचं. शिवाय पडद्यावर जे जे उमटेल तेही ते वाचणार. सगळे म्हणाले, बघा, किती सोय झाली! सोय झालीच होती. प्रश्न फक्त च चा होता.

आपल्याकडे च दोन. चिमणीतला वेगळा आणि चुळबुळेतला वेगळा. लिहायला अक्षर एकच, पण फरक कोणी शिकवावा लागत नाही, लहान मूल तो आईच्या मांडीवरच उचलतं. त्या यंत्राला कुठली आई? त्याला एकच च यायचा, चिमणीतला. त्यामुळे चोर आला की 'च्योर', जागा आली की 'ज्यागा'. आणि खणखणे मोठ्या हौसेने पहिल्याच दिवशी बायकोचं नाव टाइप करायला गेले, तर यंत्र गोड आवाजात म्हणालं, "च्युळबुळे."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. ओ काही आली नाही.

त्यानंतर ती बोलायची कमी झाली. यंत्र वर्तमानपत्र घडाघडा वाचायचं, ती "हं" म्हणायची. यंत्र विचारायचं, भाजी काय करू, ती म्हणायची, "काहीही करा." आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "अहो, ते माझं नाव तुम्ही त्या डब्यात लिहीत जाऊ नका."

खणखण्यांना वाटलं, बरोबरच आहे. आयुष्यभर हजारो माणसांची नावं मी धड घेतली आणि स्वतःच्या बायकोचं नाव घरात रोज वाकडं घेतलं जातंय. ती कशी ओ देईल? त्यांना ते फारच लागलं. त्या क्षणी त्यांनी मनाशी ठरवलं की काही झालं तरी तिला तिचं नाव नीट ऐकवायचं, एकदा तरी तिची ओ परत मिळवायची. त्यांना दुसरं काही नको होतं.

त्यांनी भाच्याला मेसेज केला. भाच्याचं उत्तर आलं, "मामा, प्रत्येक शब्द कसा म्हणायचा ते एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. पण ती सिस्टिमची फाइल आहे, कुलपातली. तिला हात लावू नका. मी आलो की बघतो."

भाच्यांचं 'मी आलो की' आपल्याला ठाऊक आहे. खणखण्यांनी पिच्छाच पुरवला. शेवटी भाच्याने समजावलं, "तुमच्या कोर्टात कसं, निकाल वाचायला कोणालाही मिळतो, पण त्यात खाडाखोड करू देतात का? तसंच आहे हे." हे मात्र त्यांना चटकन पटलं. पटलं आणि तरीही खाडाखोड करायचीच होती, म्हणून त्यांनी पासवर्ड मागितला. भाच्याने तो दिला आणि बजावलं, "आधी मूळ फाइलची कॉपी काढून ठेवा. मग एकच ओळ लिहा. शब्द, त्यापुढे त्याचा उच्चार इंग्रजी अक्षरांत आणि शेवटी आकडा एक. बाकी कशाला म्हणजे कशालाही बोट लावू नका."

दुपारी जेवणं आटोपल्यावर खणखणे बाह्या सावरून बसले. फाइल उघडली. बापरे! हजारो ओळी, सगळ्या मुंग्यांच्या रांगेसारख्या. त्यांनी शेवटी जाऊन आपली ओळ घातली आणि सेव्ह केलं.

यंत्र खणखणीत आवाजात म्हणालं, "परवानगी नाकारली."

"कोणी नाकारली?" आतून बायकोने विचारलं.

त्यांनी पुन्हा सेव्ह केलं. "परवानगी नाकारली."

"अहो, कोणाशी भांडताय?"

मग त्यांनी युक्ती केली. तीच फाइल दुसऱ्या ठिकाणी, आपल्या कागदपत्रांत सेव्ह केली. तिथे काही कटकट झाली नाही. जिंकलो म्हणून त्यांनी नाव टाइप केलं, तर यंत्र म्हणालं, "च्युळबुळे." बरोबरच होतं. निकालाची नक्कल घरी आणून तिच्यावर सही केली म्हणून कोर्टातला निकाल बदलतो होय?

शेवटी भाच्याने सांगितलेल्या मार्गाने गेले. पडद्यावर पासवर्ड विचारला. ते टाइप करू लागले तर काही उमटेना, ना अक्षर, ना टिंब. त्यांना वाटलं कळाच बसल्या. त्यांनी एकेक कळ दणकावून दाबली, काही दोनदा दाबली. यंत्र म्हणालं, "च्युकीचा पासवर्ड."

आणि आतून हसू आलं. कितीतरी महिन्यांनी. "मेल्याला चूकसुद्धा धड म्हणता येत नाही!" ती म्हणाली आणि पदराला डोळे पुसत पुन्हा हसली. खणखण्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी मुद्दाम आणखी एकदा पासवर्ड चुकवला.

तिसऱ्यांदा जमलं. कुलूप उघडलं. पासवर्डासाठी इंग्रजीत आलेला कीबोर्ड त्यांनी परत मराठी केला आणि 'चुळबुळे' लिहिलं. मग पुन्हा इंग्रजी करून उच्चार लिहिला. भाच्याने कळवला होता तसा, टी, एस आणि पुढे जे काय असेल ते. मग ओळ एकदा वाचून पाहिली, एक अक्षर राहिलं होतं ते घातलं, शब्दातला उकार तपासायला कीबोर्ड परत मराठी केला आणि शेवटचा आकडा टाकला. एक. आपला मराठी १. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. एक म्हणजे एक. आणि कॉपी काढायची राहिली हे सेव्ह केल्यावर आठवलं, तेव्हा त्यांनी इमानाने कॉपीही काढली. बिघडवलेल्या फाइलची.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. यंत्र बोललं नाही. त्यांनी नाव टाइप केलं. शांत. काहीही टाइप केलं तरी शांत.

घर एकदम गप्प झालं. ते इतके घाबरून पडद्याकडे बघत बसले की वेळ गेला ते कळलं नाही. इकडे तिला आधी वाटलं, काम चाललंय. मग वाटलं, पडले तर नाहीत?

"अहो?" ती म्हणाली. "अहो, काही तरी वाजवा. अहो!"

ती भिंतीला हात लावत, खुर्चीला धडकत धावली तेव्हा ते भानावर आले. उठून त्यांनी तिचा हात धरला. त्यांनी तळहातावर लिहिलं, 'बिघडलं.'

"कोण?"

'यंत्र.'

"जळलं मेलं ते यंत्र," ती म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसली. "माझा जीव गेला होता."

भाचा त्या दिवसांत कामात बुडालेला. उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्या काळात पुन्हा तळहात सुरू झाला. आणि काय सांगावं, बाईला बोलण्याचा पूर आला. शेजारणीचं, तिच्या सुनेचं, स्वतःच्या गुडघ्याचं, लहानपणी हरवलेल्या चपलेचं. मध्येच हात काढून घ्यायची, "अहो, गुदगुल्या!" म्हणायची आणि लगेच परत पुढे करायची. एकदा त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं, 'चुळबुळे'. ती पटकन म्हणाली, "ओ."

इथे शहाण्या माणसाला कळायला हवं होतं. पण खणखणे पुकाऱ्याचे. त्यांच्या लेखी नाव कानावर पडलं तर खरं. हातावर लिहिलेलं म्हणजे नुसती नोटीस. बिचारी माझं मन राखायला ओ देते, असं वाटून ते उलट जास्तच हट्टाला पेटले.

भाच्याने पडद्याचा फोटो मागवला. फोटो बघून त्याने आधी हसणारे चेहरे पाठवले आणि मग लिहिलं, "मामा, आकडा मराठीत घातलात! त्याला इंग्रजी एकच समजतो. शेवटची ओळ खाल्ली नाही म्हणून त्याने सगळंच ताट परत केलं." खणखण्यांनी १ खोडला, इंग्रजी एक घातला, पासवर्ड हळुवारपणे टाइप केला आणि सेव्ह केलं. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला तसं यंत्राने सगळं पूर्ववत वाचायला सुरुवात केली.

ती खिडकीशी उभी राहून टॉवेलाची घडी घालत होती. त्यांनी श्वास रोखला, म्हणजे गळ्यावर बोट ठेवलं, आणि नाव टाइप केलं.

"चुळबुळे," यंत्र म्हणालं.

अगदी बरोबर. जीभ दातांना टेकवून, हवा सोडून, जसं म्हणावं तसं.

"ओ," ती म्हणाली आणि वळली.

त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी पुन्हा कळ दाबली. "चुळबुळे." पुन्हा. "चुळबुळे." आयुष्यात एवढा आनंद त्यांना कुठल्या नावाने दिला नव्हता. चौथ्यांदा दाबणार तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. तिने टॉवेल टाकला होता आणि दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते.

"बंद करा," ती म्हणाली. "बंद करा हो ते!"

त्यांनी आवाज बंद केला. जवळ जाऊन तिचा हात घेतला आणि लिहिलं, 'चुकलं?'

"नाही. चुकलं नाही, तेच तर." ती खिडकीच्या कठड्याला धरून बोलत होती. "चुकीचं म्हणायचा तोवर बरं होतं. परका होता तो. कानावर पडायचा आणि निघून जायचा. तुमचा आवाज मी वेगळा ठेवला होता. हातावर लिहायचात ना तुम्ही, ते मी तुमच्या आवाजात वाचायचे. तेवढ्यासाठी तर गुदगुल्या सोसायचे. आणि आज याने हाक मारली आणि मी ओ दिली. त्याला ओ दिली मी, अहो!"

खणखण्यांनी घाईघाईने तिच्या तळहातावर नाव लिहिलं. एकेक अक्षर, नीट. ती ऐकू आल्यासारखी मान तिरपी करून थांबली.

"नाही," ती म्हणाली. "त्याचाच येतोय. तुमचा आठवायला जाते तर हाच पुढे येऊन उभा राहतो."

ते कॉम्प्युटरशी गेले. फाइल उघडली, शेवटच्या ओळीवर गेले आणि ती खोडली. पासवर्ड एका दमात बरोबर आला. परवानगी कोणी नाकारली नाही. इतकं सफाईदार काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. परत येऊन त्यांनी तिच्या हातावर लिहिलं, 'काढलं.'

"तिथून काढलंत," ती म्हणाली. "माझ्या कानातून कसं काढाल?" आणि रडू लागली. आवाज गेला तेव्हा दवाखान्यातसुद्धा ती रडली नव्हती, त्यांनाच धीर देत होती. आवाज खरा आज गेला.

खणखण्यांना काय करावं सुचेना. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला, त्या यंत्राचा आला, गळ्यातल्या भोकाचा आला. मुकाट रडणं सोपं नसतं, श्वास गळ्यातून घरघरत बाहेर येतो. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि इतक्या दिवसांची शपथ विसरून त्यांचे ओठ उघडले. जुन्या सवयीने त्यांनी तिला हाक मारली. हाक कसली, जीभ दातांमागे टेकली, तोंडात होती तेवढी हवा सुटली आणि बारीकसा आवाज झाला.

"च्."

ती रडायची थांबली. "काय म्हणालात?"

त्यांनाच कळलं नव्हतं आपण काही म्हणालो ते. त्यांनी पुन्हा जीभ टेकवली. "च्."

तिने हात पुढे केला. आधी हनुवटी सापडली, मग ओठ. तिने बोटं ओठांवर टेकवली. "पुन्हा."

"च्."

"हा तुमचा," ती म्हणाली. तिचा चेहरा बघवत नव्हता. "हा तुमचाच. त्याचा नाही हा. म्हणा, पुढे म्हणा."

ते पुढे म्हणाले. ओठ गोल झाले, जीभ टाळ्याला वळली, ओठ मिटले, उघडले. सगळं नाव त्यांनी म्हटलं, कोर्टात म्हणायचे तसं, एकही अक्षर न गाळता. ती कान देऊन होती. पुढे काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, जोर लावून म्हटलं, गळ्याच्या भोकातून नुसती हवा फसफसली.

ती बराच वेळ बोटं तशीच ठेवून वाट बघत राहिली.

"एवढाच राहिला का हो?" तिने विचारलं.

त्यांनी होकाराची मान हलवली. ते तिला बोटांनी कळलं.